ॲस्परॅगसचे कोंब यंदाही बारीकच? आधी गेल्या वर्षीची चौकशी करा

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की मला एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. तळहातावर पाच-सहा हिरवे कोंब, शेजारी मापाला पेन्सिल, आणि खाली ओळ: "दोन वर्षांपूर्वी बोटाएवढे होते, आता विणायच्या सुईएवढे. खत किती घालू?" गेल्या एप्रिलमध्येही त्याच घरातून असाच फोटो आलेला असतो. तेव्हाही खतच घातलेलं असतं.

दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. मी मध्य न्यू जर्सीत राहते. घरामागे वीस फूट लांबीचा वाफा आहे, २०१८ च्या वसंतात 'जर्सी नाइट' या वाणाचे गड्डे आणून लावलेला. माती चिकण, हिवाळा कडक, जुलै-ऑगस्ट घामाघूम करणारे. तुम्ही दुसरीकडे असाल तर तारखा पुढेमागे होतील, क्रम तोच राहील. पुण्यातल्या गच्चीवरच्या कुंड्यांचं दुखणं निराळं आहे, त्याकडे शेवटी येते.

खताची पिशवी तूर्त गराजमध्येच राहू द्या. एप्रिलमधला बारीक कोंब हा एप्रिलचा आजार नसतोच. गेल्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत झाड उपाशी राहिलं, त्याची ती पावती असते.

कणगी जमिनीखाली असते

दुकानातल्या जुडीत आपल्याला फक्त कोंब दिसतात. वाफ्यात जमिनीखाली सहा-आठ इंचांवर एक आडवा गड्डा असतो, इथे त्याला क्राउन म्हणतात. वर डोळे, आणि खाली कोळ्याच्या पायांसारख्या फाकलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, मांसल मुळ्या. या मुळ्या म्हणजे झाडाची कणगी. कोंब कापला नाही तर तो उंच होतो, त्याला फांद्या फुटतात, आणि चार-पाच फुटांचा हिरव्या धुक्यासारखा पिसारा तयार होतो. इथले लोक त्याला फर्न म्हणतात, पण नेच्याशी त्याचं काही नातं नाही. गंमत अशी की पिसाऱ्यातल्या त्या मऊ सुया पानंही नव्हेत, त्या बारीक झालेल्या फांद्या आहेत. खरी पानं म्हणजे कोंबाला चिकटलेले ते त्रिकोणी खवले. पण पानांचं काम या सुयाच करतात. उन्हात साखर करायची आणि मुळ्यांत नेऊन भरायची.

पुढच्या वसंतात जमिनीचं तापमान दहा अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की डोळे फुटतात, आणि कोंब कणगीतलं खात वर येतात. कडक ऊन पडलं तर एका दिवसात वीतभरसुद्धा वाढतात. हे सगळं साठवणीतलं असतं, त्यात त्या वर्षीची कमाई जवळजवळ काही नसते. मे महिन्यात आपण जे कापतो ते गेल्या ऑगस्टचं धान्य.

आणखी एक गोष्ट. कोंबाची जाडी तो मातीबाहेर डोकं काढायच्या आधीच ठरलेली असते. "राहू दे दोन दिवस, जाड होईल" असं म्हणून ठेवलात तर तो लांब होईल, चिवट होईल, जाड होणार नाही. बरेच जण नेमके बारीक कोंब आधी कापून टाकतात, जाड मागून येतील या आशेवर. येत नाहीत.

हे मला आधी माहीत होतं असं समजू नका. २०२२ च्या मे महिन्यात माझा वाफा ऐन भरात होता. त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला. चाळीसेक माणसं जेवायला येणार, मागच्या अंगणात टेबलं मांडायची, आणि कडेला हा पाच फुटांचा झाडोरा, वाऱ्याने निम्मा आडवा झालेला, मधेमधे पिवळा पडलेला. नवरा म्हणाला, "हे जंगल ठेवायचंय का?" मीच विळा घेतला आणि तासाभरात सगळं भुईसपाट केलं. आरती छान झाली, फोटो छान आले. सप्टेंबरात पुन्हा कोंब फुटले तेव्हा मला वाटलं, बाप्पा पावला. तेही कापून भाजी केली. बिचाऱ्या गड्ड्यांनी मोडलेला संसार परत उभा करायला शेवटचं किडूकमिडूक काढलं होतं, तेही मी कढईत घातलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये वीस फुटांच्या वाफ्यातून आले ते सगळे उदबत्तीच्या काड्या.

तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारते: गेल्या वर्षी पिसारा कधी कापलात? आवराआवर म्हणून, एचओएची (वसाहतीच्या रहिवासी संघटनेची) चिठ्ठी आली म्हणून, गवत कापणाऱ्याने न विचारता मशीन फिरवलं म्हणून, कारणं नाना. उत्तर ऑक्टोबरच्या आधीचं असेल तर बाकीचं वाचायची फारशी गरज नाही. पिसारा गोठवणाऱ्या दंवाने पूर्ण पिवळा-तपकिरी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. हिरवा आहे तोवर तो कणगी भरतोय. आडवा पडत असेल तर कडेने चार खुंट्या ठोकून सुतळी बांधा.

तो कापलाच नव्हता, तरी कोंब बारीक

मग जरा खोदून विचारावं लागतं.

हे कोंब हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनच बारीक आहेत, की आधी जाड होते आणि पाच-सहा आठवड्यांनी बारीक होत गेले? दुसरं असेल तर काही बिघडलेलं नाही. कणगीचा तळ दिसायला लागलाय, आता सुरी ठेवा, इतकंच. निम्म्याहून जास्त कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक येऊ लागले की कापणी बंद, कॅलेंडर काही म्हणो. जर्मनीत याच झाडाचे कोंब मातीच्या वरंब्याखाली अंधारात पांढरे वाढवतात आणि वसंतभर सगळा देश त्यांच्यामागे वेडा असतो. तिथेही परंपरेने २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, कापणी थांबते, म्हणजे हिवाळ्याआधी झाडाला भरपूर महिने मिळतात. इतका सोन्याच्या भावाचा माल शेतात उभा असताना ते थांबतात. न्यू जर्सीत आपली कापणी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते, तेव्हा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आवरतं घ्यावं. मदर्स डेपासून फोर्थ ऑफ जुलैपर्यंत कापत राहिलेल्या एका वाफ्याची दशा मी पाहिली आहे. मालकाला अभिमान होता.

वय किती? गड्डे लावल्याच्या पहिल्या वर्षी एकही कोंब कापायचा नाही. दुसऱ्या वर्षी फार तर दोन आठवडे, तिसऱ्या वर्षी चारेक आठवडे, पुढे सहा ते आठ. बियांपासून सुरुवात केली असेल तर सगळं एक वर्ष पुढे. नर्सरीत "तीन वर्षांचे गड्डे" म्हणून जास्त पैसे घेतात, पण मोठा गड्डा उपटताना मुळ्या जास्त तुटतात आणि त्याला सावरायला तेवढाच वेळ लागतो. एका वर्षाचे गड्डे घ्या आणि धीर धरा. चांगला वाफा पंधरा-वीस वर्षं देतो, सुरुवातीची दोन वर्षं त्यापुढे काय आहेत?

सगळा वाफा बारीक आहे की एकच टोक? माझ्या वाफ्याचं पूर्वेकडचं टोक कायम मार खातं, कारण शेजाऱ्यांचा मेपल. लावताना तो कंबरेएवढा होता. आता दुपारनंतर त्याची सावली पडते आणि मुळ्याही कुंपणाखालून आलेल्या आहेत, वाफ्यातलं पाणी त्या आधी पितात. याला औषध नाही. नवीन वाफा करणाऱ्यांनी झाडांची आजची उंची पाहू नये, पंधरा वर्षांनंतरची पाहावी.

आणि हे कोंब तुमच्या झाडांचेच आहेत ना? प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण ॲस्परॅगसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला शरद ऋतूत लालबुंद मण्यांसारखी फळं धरतात, ती खाली पडतात, पक्षी पसरवतात, आणि दोन वर्षांनी वाफाभर दोऱ्यासारखे कोंब दिसू लागतात. ती या बियांची रोपं. ती मोठ्या झाडांच्या डोक्यावरच वाढून त्यांचंच अन्नपाणी खातात, म्हणून तण समजून निर्दयपणे उपटायची. ही फळं माणसाने खायची नाहीत, घरात लहान मुलं असतील तर आधीच खुडून टाका. फळं धरण्यात मादीची बरीच ताकद जाते, तिचे कोंब जाड पण मोजके येतात. नराचे संख्येने जास्त. म्हणूनच आमच्या शेजारच्या न्यू ब्रन्सविकमधल्या रटगर्स विद्यापीठात हॉवर्ड एलिसन यांनी 'जर्सी' मालिकेतली जवळजवळ सर्व-नर वाणं तयार केली. तुमच्याकडे 'मेरी वॉशिंग्टन'सारखं जुनं वाण असेल तर निम्मी झाडं माद्या असणार, तो दोष नव्हे.

भुंगेरा: दिसतो कोंबावर, घात करतो पिसाऱ्याचा

आमच्या भागात पिसारा अकाली वाळण्याचं सर्वांत मोठं कारण हा किडा आहे. साधा ॲस्परॅगस भुंगेरा एकोणिसाव्या शतकात युरोपातून इथे आला. पाव इंचाचा, निळसर काळा, पाठीवर मलईसारखे ठिपके, कडेला तांबडी किनार. दिसायला इतका देखणा की पहिल्या वर्षी मी त्याचा फोटो काढून मुलीला दाखवला होता. तो पहिल्या कोंबाबरोबरच जागा होतो. कोंबावर बारीक काळ्या टाचण्या उभ्या रोवल्यासारख्या ओळी दिसल्या तर ती त्याची अंडी. साधारण आठवड्याने त्यातून राखाडी, काळ्या डोक्याच्या लिबलिबीत अळ्या निघतात आणि पुढचे दोन आठवडे फक्त खातात. नंतर जमिनीत जाऊन कोष करतात, पुन्हा भुंगेरे होऊन येतात. एका हंगामात दोन पिढ्या तरी होतातच.

कोंबावरचे भुंगेरे सगळ्यांना दिसतात, कारण तेव्हा आपण रोज वाफ्यात असतो. खरा घात जुलैमध्ये होतो. कापणी संपते, आपण टोमॅटो-भेंडीकडे वळतो, भारतात जाऊन येतो, आणि इकडे दुसरी पिढी पिसाऱ्यातल्या सुया आणि फांद्यांची साल खरवडून टाकते. परत येऊन पाहावं तर पिसारा पांढुरका, खराट्यासारखा. "उन्हाने वाळला असेल" म्हणून आपण सोडून देतो. पुढचा एप्रिल बारीक.

उपाय सोपे आहेत, नियमित मात्र हवेत. कापणीच्या काळात वाफ्यातला प्रत्येक कोंब कापायचा, बारीक-वाकडा म्हणून एखादा मागे ठेवायचा नाही. अंडी घालायला जागाच उरत नाही. (वाफा आजारी असेल तर हा नियम लागू नाही, ते पुढे येतंच.) सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरून काडी टिचकवली की टपाटप पडतात. समोरून हात नेलात तर ते लबाडपणे काडीच्या पलीकडे सरकतात, म्हणून दोन्ही बाजूंनी धरा. अळ्या फार झाल्या तर कडुनिंबाच्या तेलाची किंवा स्पिनोसॅड या कीटकनाशकाची फवारणी, संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. स्पिनोसॅडच्या बाटलीवर कापणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळा. आणि ज्या वर्षी भुंगेरा झाला त्या वर्षी हिवाळ्यात वाळलेला पिसारा वाफ्यात ठेवू नका, पोकळ काड्यांमध्येच तो थंडी काढतो. एरवी मी वाळका पिसारा मार्चपर्यंत उभा ठेवते, बर्फ धरून ठेवतो म्हणून.

नारिंगी रंगाचा, बारा काळ्या ठिपक्यांचा त्याचा एक भाऊ आहे. त्याच्या अळ्या मुख्यतः लाल फळांत राहतात, म्हणून माझा त्याच्याशी फारसा वाद नाही.

पिसाऱ्यावर विटकरी पूड बोटाला लागत असेल तर तो तांबेरा. आपल्याकडच्या गव्हावरच्या तांबेऱ्याचाच चुलत भाऊ. १८९६ मध्ये तो अमेरिकेत याच न्यू जर्सीत नोंदला गेला, आणि त्याला टिकाव धरणारं वाण शोधता शोधता पुढे 'मेरी वॉशिंग्टन' जन्माला आलं. झाडं दाट असतील, वारा खेळत नसेल, संध्याकाळी वरून पाणी मारत असाल तर तो हमखास येतो. पाणी मुळाशी द्या, रोगट काड्या कापून घराबाहेर पाठवा, कंपोस्टच्या ढिगात नको.

पाणी, तण आणि चुना

ही तीन कारणं कंटाळवाणी आहेत, म्हणूनच राहून जातात. कापणी संपल्यावर आपण पाणी बंद करतो, जणू झाडाचं काम संपलं. खरं काम तेव्हा सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी हवंच. तण खुरप्याने वरवर काढा, खोल खणलंत तर डोळे तुटतात. वर दोन-तीन इंच पेंढ्याचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन घाला. जुन्या पुस्तकांत तण मारायला वाफ्यात मीठ टाकायला सांगतात, कारण ॲस्परॅगस मूळचा खारट जमिनीलाही न घाबरणारा. तो सोसतो, पण चिकण मातीची रचना बिघडते आणि शेजारच्या वाफ्यातल्या मिरच्या मरतात. या फंदात पडू नका.

मातीचा सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असावा. इथली माती बहुधा त्याहून आंबट असते. काउंटीच्या एक्स्टेन्शन, म्हणजे कृषी सल्ला, कार्यालयातून माती परीक्षणाची पिशवी मिळते. अहवालात चुना किती घालायचा ते येतं, तेवढाच घाला. आणि खताची ती पिशवी? ती कापणी संपल्यावर काढा, कारण खत पिसाऱ्याला लागतं. मी जूनमध्ये दोन इंच कुजलेलं शेणखत पसरते.

गड्डा उकरून पाहायची वेळ

वाफ्यात मधेच मोकळ्या जागा पडत असतील, एखादं झाड बारीक कोंब देत देत दोन वर्षांत नाहीसं होत असेल, तर संशय मर रोगाचा. फ्युझेरियम नावाची बुरशी. सर्वांत वाईट दिसणारा एक गड्डा कडेने हळूच उकरा. चांगली मुळी मलईच्या रंगाची, टणटणीत असते. रोगट मुळी चेपलेली, पोकळ, तांबूस तपकिरी, दाबली की साल नळीसारखी सुटून येते. गड्डा उभा चिरला तर आत तांबडट डाग दिसतात. हे दिसलं तर वाचवायचा नाद सोडा. घरच्या वाफ्यात चालेल असं औषध नाही. पाणी साचणारी जागा, अतिकापणी, भुंगेरा, आंबट माती, अशा गोष्टींनी थकलेल्या झाडालाच ही बुरशी गाठते. रिकाम्या जागी नवा गड्डा आणून लावायचा मोह होतो, तो आवरा: बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, शिवाय जुन्या मुळ्या कुजताना अशी द्रव्यं सोडतात की नवीन ॲस्परॅगस तिथे जोर धरत नाही. नवा वाफा अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उंचवट्यावर.

मुळ्या ठणठणीत पण कोंब बारीक असतील तर फक्त विश्रांती हवी. एक पूर्ण वसंत काहीच कापायचं नाही. २०२३ मध्ये मी तेच केलं. सगळे काड्यांसारखे कोंब वाढू दिले, आठवड्यातून दोनदा भुंगेरे टिपले, पाणी दिलं, आणि स्वतःच्या वाफ्यावरून चालत जाऊन फार्म स्टँडवरून जुडी विकत आणली. मुलगी हसत होती. २०२४ मध्ये तीनच आठवडे कापलं, कोंब करंगळीएवढे. २०२५ मध्ये वाफा पूर्वपदावर आला, मेपलकडचं टोक सोडून.

काही तक्रारी मात्र तक्रारीच नसतात. कोंब हुकासारखा वाकला तर एका बाजूला इजा झालीय, भुंगेऱ्याने कुरतडलं असेल, गोगलगाय असेल, खुरपं लागलं असेल. जखमेकडे तो वळतो, खायला उत्तम. रात्री गोठवणारं दंव पडून कोंब काळे, पाणीदार झाले तर कापून टाका, गड्ड्याला काही होत नाही. शेंडा सहा इंचांवरच उलगडायला लागला तर एकदम ऊन वाढलंय, सकाळ-संध्याकाळ कापा. आणि जाड म्हणजे चिवट ही समजूत सोडा: चिवटपणा येतो तो उशिरा कापल्याने आणि कापून दोन-तीन दिवस बाहेर ठेवल्याने. लघवीला येणाऱ्या वासाबद्दल दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७८१ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय, तुम्ही पहिले नाही.

पुण्याची गच्ची

माझी नणंद कोथरूडला राहते. तिचा फोन आला, "वहिनी, दोन वर्षं झाली, कोंब सोड, नुसत्या हिरव्या दोऱ्या येतात, आणि काटे टोचतात." काटे म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. नर्सरीवाल्याने तिला "ॲस्परॅगसच" दिला होता, खोटं बोलला नव्हता: पुष्पगुच्छात घालतात ती शोभेची वेल. नाव एक, गोत एक, भाजी मात्र नाही. खायच्या ॲस्परॅगसला काटे नसतात, तो वेलासारखा चढत नाही, आणि त्याच्या मुळांना गाठी धरत नाहीत. आपल्या शतावरीचंही तेच: भाऊबंद आहे, पण काटेरी वेल, औषधाला तिच्या मुळ्या घेतात. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर शतावरीच्या कोवळ्या कोंबांची रानभाजी करतात ती वेगळी, जराशी कडवट. दुकानातल्या ॲस्परॅगसच्या पाकिटाला शतावरी म्हणायची सवय लागली आणि हा घोळ झाला.

बी आणून खरा ॲस्परॅगस लावला तरी पुण्यात दोन अडचणी येतात. एक, थंडी पडून झाड झोपत नाही. वर्षभर थोडे थोडे कोंब काढत राहतं, कणगी कधी भरतच नाही, मग सगळे बारीक. पेरूच्या इका खोऱ्यातही हिवाळा नावालाच, पण ते वाळवंट आहे. तिथले शेतकरी पाणी तोडून झाडाला सक्तीने झोपवतात आणि वर्षातून दोनदा पीक घेतात. पावसाळ्याच्या देशात हे जमत नाही, म्हणून थायलंड-तैवानमध्ये दुसरी रीत आहे: प्रत्येक झाडावर तीन ते पाच जाड कोंब न कापता वाढू द्यायचे, ते आईसारखे पोसत राहतात, आणि बाजूने येणारे तेवढे कापायचे. तीन-चार महिन्यांनी आया म्हाताऱ्या झाल्या की नव्या ठेवायच्या. घरच्या कुंडीला ही रीत सोपी पडते.

दुसरी अडचण पाऊस. काळ्या मातीत आणि जुलैच्या झडीत गड्डे कुजतात, काड्यांवर करपा येतो. म्हणून काळी माती टाळा. अर्धा कापलेला ड्रम, तळाला भरपूर भोकं, लाल माती, वाळू आणि शेणखत, आणि एका ड्रमात एकच झाड. नणंदेने तसे तीन ड्रम केलेत, पावसाळ्यात ते पत्र्याच्या कडेखाली सरकवते. रोपं आता दीड वर्षाची आहेत आणि कोंब उदबत्तीच्या काडीएवढे. या वयाला तेवढेच असायला हवेत. गणपतीची साफसफाई करताना विळा लावू नकोस, एवढं मात्र मी तिला दोनदा बजावलंय.